कॉमन नाऊन का प्रॉपर नाऊन? फिरून फिरून येणारे प्रश्न

शिकवणीत, एसटी स्टँडवर अन् व्हॉट्सॲपवर जे प्रश्न दरवर्षी येतात ते इथं एका जागी टाकलेत. इंग्रजी शब्दही देवनागरीतच लिहिलेत, कारण वाचणाऱ्यांत अर्धे तर मायबाप आहेत, रात्री पोराची वही घेऊन बसणारे, त्यांना असंच बरं पडते. कॅपिटल अक्षर कुठं लागते ते शब्दात सांगितलंय. क्रमानं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा अन् तिथंच थांबा.

सर, एका वाक्यात सांगा न, दोघांत फरक काय?

एका जातीच्या सगळ्यांनाच जे नाव चालते ते कॉमन नाऊन, म्हणजे मराठीतलं सामान्यनाम, अन् त्यातल्या एकाला वेगळं ओळखायला जे नाव ठेवलं ते प्रॉपर नाऊन, म्हणजे विशेषनाम. रिव्हर म्हटलं की वैनगंगा आली, पैनगंगा आली, कन्हानही आली. वैनगंगा म्हटलं की एकटी वैनगंगा. डिस्ट्रिक्ट म्हणजे विदर्भातले अकराचे अकरा, यवतमाळ म्हणजे एक.

एवढं तर सगळ्यांचंच पाठ असते, तरी पेपरात मार्क जातात, कारण पोट्टे शब्द पाहून ठरवतात अन् वाक्य वाचतच नाहीत. एकच शब्द एका वाक्यात कॉमन असू शकते अन् दुसऱ्या वाक्यात प्रॉपर, त्यामुळं "अमुक शब्द कोणता?" असा नुसता प्रश्न आला की मी आधी विचारतो, वाक्य कोणतं?

कॅपिटल अक्षर दिसलं की प्रॉपर नाऊन, एवढं लक्षात ठेवलं तर जमते न?

नाही जमत. वाक्याचा पहिला शब्द कोणताही असो, त्याला कॅपिटल लागतेच, "डॉग्ज बार्क" लिहिलं तर डॉग्जचा डी कॅपिटल, पण डॉग काही प्रॉपर झाला नाही. "आय" म्हणजे मी, तो कायम कॅपिटल, अन् तो तर नाऊनही नाही, प्रोनाऊन म्हणजे सर्वनाम आहे. टीव्ही, एटीएम, पीडीएफ, सगळी अक्षरं कॅपिटल, तरी सगळे कॉमन. आपल्याकडं शेतातली डीपी जळाली की आठ आठ दिवस लाईन नसते, ती डीपी इंग्रजीत लिहिताना डी अन् पी दोन्ही कॅपिटल, पण डीपी गावोगावी आहेत, कोणत्या एका डब्याचं ते नाव नाही, म्हणून कॉमन. उलटंही होते: आयफोनचं पहिलं अक्षर छोटं आय, अन् आहे प्रॉपर.

खरं पाहिलं तर कॅपिटल हे शेवटचं काम आहे, आधी ठरवायचं नाव आहे का नाही, मंग कॅपिटल लावायचं. अन् ठरवणं तर आपल्याला येतेच. देवनागरीत कॅपिटल नावाची भानगडच नाही, तरी आपण कुठं चुकतो? पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या असतात, बेगड लावलेली शिंगं, पाठीवर झूल, तिकडं झडत्या चालू, अन् कोणी बोंबलला "अबे राजाला मागं घे", तर एकही माणूस मुकुट घातलेला राजा शोधत नाही. सगळे बैलाकडं पाहतात. तेच पोरगं गोष्टीत "एक होता राजा" वाचते तेव्हा बैल डोळ्यापुढं आणत नाही. म्हणजे कॉमन-प्रॉपर त्याला कळलेलं आहे, फक्त इंग्रजीचा पेपर समोर आला की ते घाबरते अन् कॅपिटल मोजत बसते.

मंग ओळखायची काही ट्रिक?

शब्दाचं बारसं झालं का, हे विचारा. माणूस, गाव, नदी, बैल, कंपनी, सण, काहीही असो, कोणी तरी त्या एकाला नाव ठेवलं असेल तर प्रॉपर.

हे डोक्यात बसत नसेल तर शब्दाच्या आधी "एव्हरी" लावून पाहा. एव्हरी व्हिलेज चालते, एव्हरी टायग्रेस चालते, एव्हरी चिखलदरा म्हटलं की कानालाच खटकते. ताडोब्यात माया नावाची वाघीण होती, लय फेमस, जंगल खात्याच्या कागदावर तिचा नंबर टी-१२. टायग्रेस कॉमन. माया प्रॉपर. अन् टी-१२ काय? तोही प्रॉपरच, कारण तो नंबर त्या एकट्या वाघिणीला दिलेला होता. नाव गोड असलंच पाहिजे असं कुठं आहे.

एव्हरीची ट्रिक वॉटर, मिल्क, कॉटन अशा शब्दांवर चालत नाही, कारण ते मोजता येत नाहीत, एव्हरी वॉटर होत नाही तरी वॉटर प्रॉपर नाही. तिथं बारशाचाच प्रश्न विचारा.

वर्धा नदी बी आहे, शहर बी आहे अन् जिल्हा बी. तीन वस्तूंचं एक नाव, म्हणजे कॉमन झालं न जी?

हा प्रश्न चांगला आहे अन् दरवर्षी कोणी न कोणी विचारतेच. उत्तर, तिन्ही ठिकाणी प्रॉपर. एक नाव बऱ्याच जणांना ठेवलं म्हणून ते कॉमन होत नाही. वर्गात तीन राहुल असले तरी "राहुल" नावाची जात तयार होत नाही, तिघांना वेगवेगळं ठेवलेलं ते नाव आहे. नदी ही जात आहे, जिल्हा ही जात आहे, "वर्धा" ही जात नाही.

नाव एक अन् ठिकाणं दोन, यानं किती घोळ होते ते सेवाग्रामवाल्यांना विचारा. वर्ध्याजवळच्या त्या गावाचं जुनं नाव शेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला गेले, अन् बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आधीपासूनच होतं, मंग टपालाचा गोंधळ व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. बदललं ते प्रॉपर नाऊन. व्हिलेज हे कॉमन नाऊन आधी होतं तसंच राहिलं.

आता इंग्रजीची एक गंमत. नदीच्या नावाआधी "द" लागते, शहराच्या अन् जिल्ह्याच्या नावाआधी सहसा लागत नाही. म्हणून "द वर्धा" म्हटलं की नदी, अन् नुसतं "वर्धा" म्हटलं की शहर नाहीतर जिल्हा. "आय क्रॉस्ड द वर्धा" म्हणजे पुलावरून नदी ओलांडली. सगळ्याच नद्यांना हे लागू आहे, द वैनगंगा, द पूर्णा, द गोदावरी. समुद्राला लागते, डोंगरांच्या रांगेला लागते, म्हणून मेळघाट ज्या रांगेत आहे ती "द सातपुडा रेंज". पण एकट्या शिखराला अन् तळ्याला लागत नाही, माउंट एव्हरेस्ट तसंच लिहायचं, लोणार लेकही तसंच. "प्रॉपर नाऊनआधी द कधीच येत नाही" असं गाईडात छापलेलं असते, त्यावर फुली मारा.

पोरीचं नाव ज्योती. ज्योतीला तर अर्थ आहे, मंग ते कॉमन का नाही?

अर्थ असला तरी नाव ते नाव. इंग्रजीतही रोज (म्हणजे गुलाब) नावाच्या पोरी असतात. पोरगी रोज असेल तर आर कॅपिटल, बागेतलं फूल असेल तर आर छोटा. गावांचंही तसंच, पिंपळगावात आज पिंपळ असो नसो.

पिकांची नावं कॅपिटल लिहायची का? अन् "नागपूर ऑरेंज"?

कॉटन, सोयाबीन, तूर, ग्राम (हरभरा), व्हीट, सगळे कॉमन, सगळे छोट्या अक्षरानं. आपल्याला आपलं पीक कितीही मोठं वाटो, इंग्रजीत कॉटनचा सी छोटाच. पण बियाण्याच्या थैलीवर पाहा, वर पीक लिहिलेलं असते अन् खाली वाणाचं नाव, जसं सोयाबीनचं जेएस ३३५. सोयाबीन कॉमन, जेएस ३३५ हे त्या वाणाला दिलेलं नाव, ते कॅपिटलमध्ये.

नागपूर ऑरेंजमध्ये नागपूरचा एन कॅपिटल, ऑरेंजचा ओ साध्या वाक्यात छोटा. भिवापूर चिली अन् वायगाव टर्मरिकचंही तसंच, या दोघांनाही नागपुरी संत्र्यासारखा जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे. जीआयच्या सर्टिफिकेटवर किंवा खोक्याच्या लेबलवर दोन्ही शब्द कॅपिटल दिसतील, कारण तिथं पूर्ण नावच नोंदलेलं असते, त्यात चूक नाही. गवळाऊ काऊ: जी कॅपिटल, सी छोटा. जर्मन शेफर्डमध्ये जर्मनचं जी कायम कॅपिटल, कारण देशाच्या नावावरून आलेला शब्द आहे. इंडियन, मराठी, जर्मन असे शब्द विशेषण म्हणून वापरले तरी कॅपिटलच राहतात, त्यांना प्रॉपर ॲडजेक्टिव्ह म्हणतात.

पाटील हे काय? आमच्या गावात पोलीस पाटलाचं आडनाव ठाकरे आहे, अन् पाटील आडनावाचा माणूस किराणा दुकान चालवते.

बरोबर पकडलं. "अवर पोलीस पाटील केम" असं लिहिलं तर ते पद झालं, गावोगावी पोलीस पाटील असतात, म्हणून कॉमन, छोटं अक्षर. दुकानवाल्याचं पाटील हे आडनाव, प्रॉपर, पी कॅपिटल. देशमुख, जोशी, कुळकर्णी, ही सगळी कधी काळी कामाची नाहीतर पदाची नावं होती, आता आडनावं झाली.

पदाचं इंग्रजीत एक आहे: नावाला चिकटून आधी आलं तर कॅपिटल, सुटं आलं तर छोटं. "कलेक्टर" नुसतं असेल तर सी छोटा, पण "कलेक्टर देशमुख व्हिजिटेड अवर स्कूल" यात सी कॅपिटल. डॉक्टरचं तसंच, प्रेसिडेंटचं तसंच. सरकारी पत्रात प्रत्येक साहेबाला कॅपिटल लावायची पद्धत आहे, तो मानाचा भाग झाला, परीक्षेत ती पद्धत नका आणू.

अन् आडनावाचं अनेकवचनही होते. पूर्ण पाटील घराणं म्हणायचं असेल तर "द पाटील्स". आधी द, मागं एस, तरी पी कॅपिटलच.

मदर, फादर, अंकल कॅपिटल कधी?

हाक मारल्यासारखं, नावाच्या जागी वापरलं की कॅपिटल. "माय", "हिज", "अवर" असा शब्द आधी आला की छोटं. "आय आस्क्ड माय मदर", इथं एम छोटा. "आय आस्क्ड मदर", इथं एम कॅपिटल, कारण मदर हेच तिचं नाव असल्यासारखं वापरलं. अंकल रमेश असं नाव जोडून आलं तर यू कॅपिटल.

वार, महिने, ऋतू, सण?

वार अन् महिने कॅपिटल. ऋतू छोटे, समर, विंटर, मान्सून सगळे. सण कॅपिटल, दिवाळी, ईद, पोळा, तान्हा पोळा, फेस्टिव्हल हा शब्द मात्र कॉमन. भाषा कॅपिटल. शाळेचे विषय छोटे, मॅथमॅटिक्स, सायन्स, हिस्ट्री, पण इंग्लिश अन् मराठी कॅपिटल, कारण त्या भाषा आहेत.

सूर्य तर एकच आहे, मंग सन प्रॉपर काहून नाही?

तर्कानं पाहिलं तर तुमचं बरोबर आहे, पण भाषा तर्कानं चालते असं कोणी सांगितलं. सन अन् मून साध्या वाक्यात छोटे लिहितात, आधी द लावून. अर्थ (म्हणजे पृथ्वी) हा इंग्रजी शब्द ग्रहाचं नाव म्हणून, मार्स, ज्युपिटरच्या रांगेत आला की ई कॅपिटल, माती म्हणून आला की छोटा. मार्स, व्हीनस कायम कॅपिटल. गॉडचंही ध्यानात ठेवा: एकच परमेश्वर मानून म्हटलं तर जी कॅपिटल, "मेनी गॉड्स" म्हटलं तर छोटा.

जेसीबी, झेरॉक्स, कोलगेट हे काय? सगळे तर तसंच म्हणतात.

इथं बोलणं एक अन् लिहिणं एक. आपल्या दुकानात माणूस म्हणते, "कोलगेट द्या एक, कोणतं बी चालते." म्हणजे त्याच्या तोंडी तो शब्द कॉमन झाला. झेरॉक्सही तसंच, पानटपरीशेजारी पाटी लागली, आत मशीन कोणत्याही कंपनीचं. जेसीबी तर इतका रुळला की विहीर असो, शेततळं असो, लग्नाचा मांडव टाकायला जागा सपाट करायची असो, "जेसीबी बोलाव" एवढंच म्हणतात, मशीन टाटाची असो का आणखी कोणाची.

पण जेसीबी ही इंग्लंडची कंपनी, १९४५ मध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसानं काढली अन् ती तीन अक्षरं त्याच्या नावाची आहेत. झेरॉक्स ही अमेरिकेतली कंपनी. परीक्षेत हे प्रॉपरच धरा. कॉमन नाऊन पाहिजे असेल तर फोटोकॉपी लिहा, टूथपेस्ट लिहा, बॅकहो लोडर लिहा.

कधीकधी कंपनीचं नाव कायमचं कॉमन होऊन जाते. एस्केलेटर, म्हणजे नागपूर स्टेशनवर जो सरकता जिना आहे तो, हे आधी ओटिस कंपनीचं नोंदलेलं नाव होतं. १९५० मध्ये अमेरिकेत त्या नावावरचा हक्क गेला अन् आता एस्केलेटर छोट्या ईनं लिहितात, कोणीही बनवला तरी.

माणसाच्या नावाचं कॉमन नाऊन झालं असं कधी झालं का?

ट्रॅक्टरची टाकी उघडून पाहा. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर, त्यानं १८९० च्या दशकात ते इंजिन बनवलं, अन् आता पेट्रोल पंपावर कोणी "डिझेल टाका" म्हटलं तर त्या बिचाऱ्याची आठवण कोणालाच येत नाही. इंग्रजीत इंधनाचा डी छोटा, माणसाचा कॅपिटल.

बॉयकॉट मला जास्त आवडते. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमध्ये जमीनदाराची वसुली पाहायचा, १८८० मध्ये तिथल्या कुळांनी त्याच्याविरुद्ध एका केला, कोणी त्याच्या शेतात कामाला जाईना, दुकानदार माल देईना, म्हणजे सरळ वाळीत टाकला. त्या माणसाचं आडनाव होतं बॉयकॉट, त्यावरून त्या कामालाच तो शब्द पडला, अन् आता बी छोटा.

आठवी-नववीच्या सायन्समध्ये हेच आहे. न्यूटन माणूस असेल तर एन कॅपिटल, बलाचं एकक असेल तर छोटा. वॅट, व्होल्ट, अँपियर, सगळ्यांचं असंच, पूर्ण शब्द लिहिला तर छोटा अन् एकाच अक्षराची खूण लिहिली तर ती कॅपिटल. सेल्सिअस तेवढा वेगळा, "डिग्री सेल्सिअस" लिहिताना सी कॅपिटलच ठेवतात. मे महिन्यात चंद्रपूरचं तापमान लिहायची वेळ आली की हे कामी येईल.

"ही इज द तेंडुलकर ऑफ अवर व्हिलेज" यात तेंडुलकर कॉमन का प्रॉपर?

शब्द प्रॉपर, काम कॉमनचं. इथं सचिनबद्दल बोलणं चालू नाही, तेंडुलकरसारखा खेळणारा असा अर्थ आहे, म्हणून आधी द आला. कॅपिटल मात्र राहते. मराठीतही आपण झोपाळू माणसाला कुंभकर्ण म्हणतो, घरात दोन कुंभकर्ण आहेत असं बिनधास्त म्हणतो. प्रश्नपत्रिकेत असं वाक्य आलं अन् "कॉमन नाऊन म्हणून वापरलेलं प्रॉपर नाऊन ओळखा" असं विचारलं तर हेच उत्तर.

आमच्या मास्तरांनी पाच प्रकार सांगितले, तुम्ही दोनच धरून बसलात.

पाचच्या यादीत कॉमन, प्रॉपर, कलेक्टिव्ह (समूहाचं नाव), मटेरियल (पदार्थाचं नाव), ॲब्स्ट्रॅक्ट (भाववाचक) असतात. ती जुन्या व्याकरणाची यादी आहे, चुकीची नाही. पण नुसतं कॉमन का प्रॉपर एवढंच विचारलं असेल तर हर्ड (कळप), गोल्ड, ऑनेस्टी (प्रामाणिकपणा) हे सगळे कॉमनच्या बाजूला जातात. पाच प्रकार विचारले असतील तर हर्ड कलेक्टिव्ह, गोल्ड मटेरियल, ऑनेस्टी ॲब्स्ट्रॅक्ट. प्रश्नात काय विचारलं ते वाचा, मास्तरांशी भांडू नका.

लांब नाव असलं तर त्यातला कोणता शब्द प्रॉपर?

अख्खं नावच एक प्रॉपर नाऊन धरायचं. "ताडोबा अंधारी टायगर रिझर्व्ह" यात टायगर आहे म्हणून त्याला वेगळा काढून कॉमनमध्ये टाकायचा नाही, तो नावाचा तुकडा आहे, चारही शब्द कॅपिटल. "गेटवे ऑफ इंडिया" मध्ये ऑफ छोटा, बाकी दोन कॅपिटल. "गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र" कॅपिटल, पण "द गव्हर्नमेंट" असं मोघम आलं तर जी छोटा. "विदर्भ एक्सप्रेस" दोन्ही कॅपिटल, नुसती ट्रेन छोटी.

शाळेच्या बाबतीत पोट्टे इथंच मार्क घालवतात. "झेडपी स्कूल" म्हणजे जिल्हा परिषदेची कोणतीही शाळा, त्यात झेड अन् पी कॅपिटल पण स्कूलचा एस छोटा. बोर्डावर रंगवलेलं आपल्या शाळेचं पूर्ण नाव लिहिलं की त्यातला स्कूलचा एसही कॅपिटल.

सरावाला एक वाक्य द्या.

घ्या. "ऑन मंडे द फार्मर टूक राजा, हिज बुलॉक, अक्रॉस द पैनगंगा टु अ मार्केट इन यवतमाळ डिस्ट्रिक्ट."

प्रॉपर: मंडे, राजा, पैनगंगा, यवतमाळ डिस्ट्रिक्ट. कॉमन: फार्मर, बुलॉक, मार्केट. ऑनचा ओ कॅपिटल आहे पण तो नाऊनच नाही, वाक्याच्या सुरुवातीला बसला म्हणून मोठा दिसते. अन् डिस्ट्रिक्ट इथं कॉमनमध्ये लिहिलं असेल तर वरचं लांब नावाचं उत्तर एकदा परत वाचा.